डावीकडचा मोकळा गडी

कंपनीच्या शॉप फ्लोअरवर मशिनच्या कूलंटचा तेलकट वास आला की मोशीच्या मैदानावरची फुटबॉलची मॅच आठवते. आम्ही कॉलेजची पोरं, समोर फर्स्ट शिफ्ट उरकून आलेले कंपनीतले कामगार. त्यांच्या अंगाला तोच वास. बॉल मिळाला की मी एकटाच पळत सुटायचो. ते मात्र शांतपणे एकमेकांना पास द्यायचे. आम्ही तीन गोलांनी हरलो. त्यांचा पोट सुटलेला कॅप्टन म्हणाला, “पळतो झकास राव तू. पण लायनीवर जॉब, म्हणजे हातात आलेला पार्ट, कुणी धरून बसतं का? पुढच्याला द्यायचा.” आता लायनीवर मीही तेच करतो. तरी डोळ्यांसमोर येतो तो डावीकडे मोकळा उभा राहून हात हलवणारा माझा रूममेट. मॅचच्या दुसऱ्या दिवशी तो कॉलेज सोडून कायमचा गावी गेला. त्या मॅचमध्ये मी त्याला एकदाही बॉल दिला नव्हता.