खंडेनवमीचं तेल

आई गेल्यापासून मी घरातली एकेक वस्तू हातात घेतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. मोटरसायकल तेवढी उचलता येत नाही. म्हणून तिच्याविषयी लिहायला बसलो आहे.

इंग्रज निघून गेले त्या सुमारास वडिलांनी ती नगरच्या छावणीतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून घेतली होती. गर्द हिरवी टाकी आणि तिच्या कडेनं सोनेरी रेघ. वडील ती चालवत देवळाली प्रवऱ्याला आले तेव्हा आईनं ओल्या कुंकवात हात बुडवून टाकीवर ठसा उमटवला. तो ठसा वडिलांनी कधी धुऊ दिला नाही. कुंकू हळूहळू रंगात मुरलं. पाच बोटं टाकीवर कायमची राहिली.

गाडी फार काळ चालली नाही. विहिरीवर मोट ओढताना उतरत्या धावेवर बैल घसरला आणि त्याच्याखाली वडिलांचा गुडघा सापडला. पाय वाकेनासा झाला, त्यामुळे किक मारणं संपलं. गाडी गोठ्याशेजारच्या छपरात गेली आणि वडील त्या छपराकडे फिरकेनासे झाले. ती दुसऱ्या कुणाला चालवायला द्यावी असंही त्यांच्या मनात कधी आलं नसावं.

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस दडला. मी तेव्हा संगमनेरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होतो. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोर माणूस उभा राहिला तर तिला सावलीएवढा दिसे. मी सुट्टीवर घरी आलो तेव्हा ती म्हणाली, त्या गाडीचा आवाज एकदा ऐकवा. मग तुम्ही तिचं काय करायचं ते करा.

दादा, माझा थोरला भाऊ, साखर कारखान्यात होता. गाडी दुरुस्त करायला तो लगेच तयार झाला, पण दुरुस्तीचा अर्थ आम्हा दोघांचा वेगळा होता. त्याला ती नवी दिसायला हवी होती. नवा रंग, नवी गादी, आणि घरात सण नसला तरी दसऱ्याला सोनं वाटायला गावातून फेरी. बापाची गाडी पोरांनी गंजवली असं लोक बोलतात, हे त्याच्या मनाला लागलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. मला ती वडिलांनी ठेवली तशीच हवी होती. टायर आणि ट्यूबा कुजल्या होत्या, तेवढ्या बदलाव्या लागल्या. बाकी सगळं मी मऊ फडकं आणि रॉकेल घेऊन पुसत बसलो. दादा येता-जाता म्हणायचा, "पुस्तकावरची धूळ झाडतोय जनू."

राहुरीहून एक मिस्त्री येत असे. आल्या आल्या त्यानं मैलांचा काटा पाहिला आणि हसला. "लग्नाला येवढी वर्सं झाली आन् बाई अजून म्हायेराला बी गेली न्हाई." त्यानं कार्बोरेटर साफ केला, मॅग्नेटोची ठिणगी पाहिली. ती निळी, टपोरी पडत होती. पण इंजिन फिरेना. किकवर दादा उभा राहिला तरी ती दगडासारखी. पिस्टन जाम झाला होता.

दादानं मुदत घातली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दुपारपर्यंत पिस्टन सुटला तर ठीक. नाही तर पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून घणानं हाणायचं. सिलिंडर फुटलं तर फुटलं, मिस्त्रीकडे एका मोडक्या गाडीचं सिलिंडर पडलेलं होतं, ते काटछाट करून बसवायचं. आणि त्याच दिवशी टाकी घासून रंगवायची. त्यासाठी त्यानं पेंटरलाही सांगून ठेवलं.

खंडेनवमीला सकाळीच पेंटर आला. टाकी उतरवून बाजेवर ठेवलेली होती. तिच्याशेजारी बसून तो चहा पीत होता आणि घासकागदाचे तुकडे करत होता. वडिलांचं वर्ष पुरं झालं नव्हतं, त्यामुळे घरात सण नव्हता. तोरण नव्हतं, आणि वर्षभरात चुलीवर तळणाची कढई चढली नव्हती. हत्यारांची पूजा मात्र चुकवायची नाही म्हणून दादानं विळे, कुदळी, पहार धुऊन भिंतीशी मांडून ठेवली होती. घणही त्याच रांगेत होता. मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे पाहत होतो.

मिस्त्रीनं इंजिनाचं डोकं उतरवलं. आम्ही वाकून आत पाहिलं. पिस्टनवर आणि त्याच्या कडेनं पिवळसर, काचेसारखा थर बसला होता. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं तर चिवट पापुद्रा निघाला.

"ह्यात लाख वतली का काय कुनी?"

मी तो पापुद्रा बोटांत चुरला आणि नाकाशी नेला. तो वास मला चांगला ठाऊक होता. आमच्या फडताळात तेलाची बुधली असे, तिच्या गळ्याभोवती असाच चिकटा साचायचा. करडईचं तेल.

आई घरापुढच्या ओट्यावर वाती वळत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, गाडीत कधी तेल घातलं होतं का.

"घालीत हुते की," ती म्हणाली. "दर खंडेनवमीला. तुझे वडील आधी इंजिनावरच्या त्या बुचातून घालायचे, म्या बघितलं हुतं. पाय मोडल्यावर ते जाईनात. मग मीच जायची. बुच हातानं फिरायचं. पळीभर सोडायची, हळदकुंकू वाहायची."

"वडिलांना ठाऊक होतं?"

"न्हाई. त्यांना तिचं नाव काढलेलं चालत नसे."

मग तिचे हात थांबले. मी हे उगाच विचारत नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

"का रं? म्हंजी मीच बंद पाडली व्हय तिला?"

हो म्हणणं शक्य नव्हतं आणि नाही म्हटलं असतं तर तिनं ओळखलं असतं. इतका वेळ मी टाकीच्या रंगासाठी झगडत होतो. आता घण पडला आणि सिलिंडर फुटलं तर ते आपणच फोडलं असं ती उरलेलं आयुष्य समजणार होती. मी एवढंच विचारलं, बुधलीचा चिकटा तू कशानं काढतेस?

"कढत पान्यानं. गार पान्यानं कुठं सुटतो?"

मी हंडा चुलीवर ठेवला. विहिरीनं तळ गाठला होता आणि प्यायचं पाणी आम्ही कळशीनं मोजून वापरत होतो. दादा चुलीपाशी आला. "मानसाला पाणी पुरंना, आन् तू गाडीला न्हाऊ घालतो?"

मी त्याला बाजूला घेऊन आईचं सांगितलं. त्यानं ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नको." आणि त्यानं चुलीत आणखी दोन लाकडं सारली.

मिस्त्रीनं पिस्टनवर रॉकेल ओतलं. जाळ जवळ आणू नका, असं त्यानं बजावलं. पोत्याचे तुकडे कढत पाण्यात बुडवून आम्ही सिलिंडरभोवती गुंडाळायचो, निवले की पुन्हा बुडवायचो. मग गाडी गिअरमध्ये टाकून दादा मागचं चाक पुढे-मागे ढकलायचा. चेन ताणली जायची आणि तिथंच अडायची. पुन्हा पोती, पुन्हा चाक. आमच्या बोटांची सालं निघाली. हंड्यातलं पाणी तळाला गेलं. पेंटरनं दोनदा विचारलं, सुरू करू का. दोन्ही वेळा दादानं नुसता हात हलवला. सावली भिंतीखाली आली होती. त्यानं ठरवलेली दुपार होऊन गेली होती, तरी तो चाक सोडत नव्हता. मिस्त्री मात्र उठला, भिंतीपाशी गेला आणि घण उचलून घेऊन आला.

"आता हे पाणी शेवटचं हाय," दादा त्याला म्हणाला. "येवढं बघू."

त्यानं चाकाच्या आरा दोन्ही हातांनी धरल्या. चेन ताणली. मी आत पिस्टनच्या कडेकडे पाहत होतो. तिथं रॉकेलचा एक बुडबुडा उठला. मग चेनची एक कडी पुढे सरकली. दादानं चाक उलट ओढलं, पुन्हा ढकललं. या वेळी पिस्टन बोटभर खाली गेला आणि सिलिंडरच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर उजेड चमकला.

मिस्त्रीनं घण खाली ठेवला. आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि आम्हाला दाखवलं. "गंजाचा ठिपका न्हाई. तेल नसतं तर भंगारातच गेली असती ही."

हे वाक्य त्यानं ओट्याकडे तोंड करून, आईला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणावं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं म्हटलं. आईनं पुन्हा वाती वळायला घेतल्या.

इंजिन धुऊन, सगळं जोडून होईपर्यंत उन्हं उतरली. टाकी होती तशीच बसवली. दादानं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. आत कुठंतरी खोकल्यासारखं झालं. मिस्त्री कार्बोरेटरचा चोक बोटानं धरून बसला होता. मी आईकडे पाहायचं टाळत होतो. दादानं पाय बदलला, दम घेतला आणि सगळं वजन टाकलं.

गाडी धडधडली. बंद पडते की काय असं वाटत असतानाच सावरली आणि जड, सावकाश ठेक्यात चालू राहिली. मागून पांढरा धूर आला आणि अंगणभर पसरला. उरलंसुरलं तेल आत जळत होतं. सणाच्या दिवशी घरात येतो तसा, पुऱ्या तळल्याचा वास सुटला.

आईनं मान वर केली. "कढई कुनी चढवली रं? वर्स व्हायचंय अजून."

"कुनी न्हाई," दादा म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "गाडीच तळतीय. तुझंच तेल हाय."

ती हसली असावी. धुरात नीट दिसलं नाही. मग ती भिंत धरून उठली. मी तिचा हात धरून तिला गाडीपाशी नेलं आणि तिनं थरथरणाऱ्या टाकीवर तळवा ठेवला. ठसा कुठं आहे हे तिला दिसत नव्हतं. तिचा हात त्याच्या जरा बाजूला पडला आणि तिथंच राहिला.

पेंटर घासकागद हातात घेऊन उभा होता. त्याला रिकामं पाठवायला नको म्हणून दादानं त्याला मागची नंबराची पाटी दाखवली. "येवढे आकडे नव्यानं रंगवून दे," तो म्हणाला. "बाकीच्याला हात लावू नको."