माझ्याच लग्नाला माझी हरकत

आमच्या लग्नाला भर देवळात हरकत घेणारं एकच माणूस निघालं, आणि ते माणूस म्हणजे नवरी.

आम्ही नगरचे ख्रिस्ती. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत दोघांची नावं पुकारतात आणि पाळकसाहेब विचारतात, "या विवाहाला कुणाची हरकत आहे का?" हे नुसतं विचारायचं असतं. उत्तर द्यायचं नसतं. मी शाळेत मुलींना शिस्त शिकवत होते, तेव्हा मला हे ठाऊक असायला हवं होतं.

दाविद भिंगारच्या छावणीत लष्करी गाड्यांच्या डेपोत कारकून होता (लग्नानंतर त्याचे 'हे' झाले, पण या गोष्टीत तो अजून 'तो'च आहे). मी खादीवाली. देशाचे पुढारी आमच्याच किल्ल्यात कोंडलेले, आणि हा रोज सकाळी त्याच किल्ल्यावरून सायकल मारत सरकारच्या चाकरीला जायचा! देवळातल्या गायनमंडळाची तालीम सुटली की तो मला घरापर्यंत सोडायला यायचा. सायकल हातात, आणि रस्ताभर भांडण.

"आधी जर्मन हरू दे, मग मागा स्वराज्य," तो म्हणायचा.

"आणि तोवर आम्ही काय करायचं?"

"तोवर तू निदान सुरात गा."

आमचे आवाज कोपऱ्यावरून ऐकू आले की बाबा अंगणात निर्धास्त व्हायचे. "भांडत येताहेत म्हणजे सरळ घरीच येताहेत," असं ते आईला सांगायचे.

त्याला सोडावं असं मला रोज वाटे आणि तालमीची वेळ झाली की मी केस विंचरायला बसे. शेवटी लग्न ठरलं. नवऱ्याचे कपडे आमच्याकडून जायचे होते, म्हणून मी टकळी घेऊन बसले. माझं सूत म्हणजे कुठे दोरी, कुठे केस आणि मधे मधे गाठी. विणकराने ते हातात घेऊन माझ्याकडे बराच वेळ बघितलं, पण कापड विणून दिलं. त्याचा पांढरास्वच्छ सदरा शिवून मी पहिल्या रविवारीच दाविदच्या हातात ठेवला.

"तिसऱ्या रविवारी हाच अंगात हवा," मी म्हटलं. "नसला तर मी काय करीन ते मलाच माहीत नाही."

"बघतो," तो म्हणाला. त्याने बघतो म्हटलं की मला धडकी भरायची.

तिसरा रविवार उजाडला. आमच्याकडे पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात, मधे रस्ता. मी मान वाकडी करकरून शोधलं, तर दाविद पुढून तिसऱ्या बाकावर, आणि अंगात खाकी! कडक, इस्त्री केलेला, सरकारी खाकी. माझं डोकंच फिरलं. पाळकसाहेबांनी नावं पुकारली, विचारायचं ते विचारलं आणि पान उलटायला बोट ओलं केलं.

"माझी हरकत आहे," मी उभी राहून म्हणाले.

पाळकसाहेबांचं बोट तसंच राहिलं. त्यांच्या उभ्या हयातीत कुणी हरकत घेतली नव्हती. त्यांनी पुस्तक पुढे चाळलं, मागे चाळलं. पेटीवाल्याला वाटलं गीत चुकून राहिलं, म्हणून त्याने सूर धरला. त्याला कुणीतरी गप्प केलं.

"सगुणाबाई," पाळकसाहेब म्हणाले, "हरकत नवरीने घ्यायची नसते."

"मग कुणी घ्यायची? लग्न मलाच करायचंय ना? हा मनुष्य सरकारचा आहे."

"तो तर आधीपासूनच आहे," बाबा पुरुषांच्या बाकांतून कळवळून म्हणाले. "बस गं खाली."

इतक्यात माझ्या शेजारून दाविदची आई उठली. राहुरीकडची बाई, बोलणं मोजकं. तिने माझं मनगट धरलं आणि मधला रस्ता ओलांडून मला थेट पुरुषांच्या बाकांत नेलं. चालू उपासनेत तो रस्ता आजवर एकाही बाईने ओलांडला नव्हता.

"हात लाव त्या कापडाला," ती म्हणाली.

मी कॉलर चिमटीत धरली. दोरी, केस, गाठ. माझंच सूत!

"बाभळीची साल उकळून म्या रंगवला. पांढरी खादी घालून डेपोत गेला आसता तर सायबानं त्याच दिशी हाकलला आसता. आता सायबाच्या म्होरं रोज तुझंच कापड घालून बसतोय. इस्त्री करून करून माजा हात दुखाया लागलाय."

दाविदने मान जरा वाकडी करून दाखवली. कॉलरच्या गाठीने ती लालभडक सोलून निघाली होती. "बघतो म्हणालो होतो ना," तो हळूच म्हणाला.

मला रडू आलं. नोकरी जाईल म्हणून घाबरणारा माणूस माझ्यासाठी रोज ती नोकरी पणाला लावत होता, आणि स्वतःची मतं मात्र तसूभर सोडत नव्हता. असा नवरा मला दिला म्हणून मी देवाचे आजही आभार मानते. मी हरकत परत घेतली, पण पाळकसाहेबांनी नावं पुन्हा पहिल्यापासून तीन रविवार पुकारली, आणि तिन्ही वेळा हरकतीचं विचारताना फक्त माझ्याकडे बघितलं.

पुढे स्वराज्य आलं. शाळेच्या मैदानावर झेंडा लागायचा होता. सगळे पांढऱ्यात, आणि हे त्याच विटलेल्या खाकीत. "जर्मन हरला, आलं की नाही?" म्हणून सकाळपासून मला डिवचत होते. आमच्याच खादीवाल्यांपैकी एकजण मोठ्याने म्हणाला, "हा छावणीतला माणूस इथे कशाला?"

"माझी हरकत आहे," मी तडकून म्हणाले. "आधी हात लावून बघा त्या कापडाला."

हे माझ्या कानाशी वाकले. "आता पुन्हा तीन रविवार थांबायचं का?"

"गप्प उभे राहा," मी म्हटलं आणि त्यांच्या कॉलरची गाठ मानेला टोचत होती ती बोटाने दाबून बसवू लागले. ती काही केल्या बसेना. टाळ्या वाजल्या तेव्हा मी वर पाहिलं. ज्या झेंड्यापायी मी भर देवळात लग्न मोडायला निघाले होते, तो केव्हाच वर जाऊन फडकत होता.