लिहिणाऱ्या नर्सबाई

नर्सबाईंना कुणी पाणी दिलं, की प्यायच्या आधी त्या विचारत, "पाणी कशात भरलं होतं?" अमडापूरच्या बायकांना वाटे, बाई सोवळ्याच्या. सोवळं त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना धास्ती होती कपाशीवर फवारायच्या औषधाच्या रिकाम्या डब्यांची. फवारणी तेव्हा नवी होती, आणि घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा कोण टाकून देणार?

दिवसभर सुया टोचून, बाळंतपणं उरकून त्या संध्याकाळी दवाखान्याच्या ओट्यावर लिहीत बसत. उवांसाठी पोरींच्या डोक्यात घालतात ती पावडर, कल्हई उडालेल्या भांड्यातलं ताक, मिठाईतला भडक रंग. बुलढाण्याच्या एका साप्ताहिकात ते छापून येई. "जे रोज हाताळतो त्याचं भेव वाटत नाही, म्हणून लिहा लागते," त्या म्हणत.

मी तेव्हा नवी सून, पहिलटकरीण. मला तपासायला त्या घरी आल्या आणि आमच्या पिठाच्या डब्याशी थबकल्या. वाकून वास घेतला.

"आजी, हे पीठ फेका."

"राखेनं तीनदा घासला डब्बा. काऊन फेकू?" सासूबाई म्हणाल्या.

"जहर राखेले भेत नाही."

त्यांनी स्वतः खड्डा करून पीठ पुरलं आणि पहारीनं डब्याला भोकं पाडली. पुढच्या आठवड्यात लेख आला. नाव नव्हतं, पण शिकलेलं घर, गरोदर सून आणि विषाच्या डब्यातलं पीठ, एवढ्यावरून गावानं आम्हाला ओळखलं. विहिरीवर बायका हसल्या. सासऱ्यांनी बाईंना घर बंद केलं. मीही बोलणं टाकलं.

शेजारच्या गोदानं तो लेख ऐकला होता. तिचं तेल तसल्याच डब्यात होतं. तिनं तो टाकला नाही. बाईंना दिसू नये म्हणून कणगीमागे सरकवला. दिवाळीच्या तोंडावर तिचा पाच वर्षांचा मुलगा ओकायला लागला. बाई त्याला मांडीवर घेऊन जीपनं चिखलीला निघाल्या. तो वाटेतच गेला.

त्यानंतर कितीतरी आठवडे बाईंचं काही छापून आलं नाही. न राहवून मी दवाखान्यात गेले. त्यांच्यापुढे कोरा कागद होता.

"मी तुमची लाज काढली," त्या म्हणाल्या. "लाज वाटली की माणूस डब्बा फेकत नाही, लपवते. इतकं साधं मले कळलं नाही."

दोष तुमचा नाही, असं म्हणायचं होतं. ते म्हटलं नाही. त्यांना आमच्या ओसरीवर यायला सांगितलं, एवढंच.

मग त्यांचं लिहिणं बदललं. लेख पाठवण्याआधी त्या आमच्या ओसरीवर येऊन वाचून दाखवत; गोदाच्या मुलानंतर सासऱ्यांनीही अडवलं नाही. गोदाही येऊन ऐके. "हे झोंबते, बाई," ती म्हणाली, की ती ओळ खोडली जाई. पुढे सासूबाईच पहार घेऊन दारोदार डबे फोडत हिंडल्या.

बाईंची बदली लोणारला झाली. एसटीच्या खिडकीतून म्हणाल्या, "पोरीले जप. अन् मले लिहीत जा." मी लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू. त्यांचे लेख काही वर्षं येत राहिले, मग थांबले.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी लोणारला गेले. दवाखान्यात नवी, कोवळी नर्स होती. बाई नोकरी सोडून भावाकडे गेल्या, कुठल्या गावी ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिथल्याच बाकावर बसले आणि तोंडून सगळं बाहेर पडलं. आमच्या गावात आता कुणी तसा डबा घरात घेत नाही. नव्या सुनांना गोदाच समजावते. चूक तुमची नव्हती, बाई.

ती पोर गोंधळली.

"ताई, हे मले काऊन सांगून राह्यल्या तुम्ही?"