काट्याची चार घरं

आमच्या कॉलेजात फिजिक्सचं प्रॅक्टिकल म्हणजे सत्यनारायणाची पूजा. पोथीत लिहिलंय तसंच घडलं पाहिजे. पोथी म्हणजे सीनियर पोरांचं जर्नल. ते दरवर्षी आमच्या हाती यायचं आणि आम्ही ते चुकांसकट उतरवून घ्यायचो. सर सांगायचे, "रीडिंग जर्नलमधून घ्या, उगाच लॅबमध्ये वेळ घालवू नका."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारावीच्या परीक्षेत मला आणि कळवणहून आलेल्या माझ्या मित्राला एकच प्रयोग आला. करंट चालू असलेल्या सरळ तारेशेजारून तांब्याचं वेटोळं समांतर सरकवायचं आणि त्याला जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा किती घरं हलतो ते लिहायचं. जर्नलात चार घरं होती.

काटा ढिम्म. मी गुडघ्याने टेबलाला हळूच दणका दिला, काटा थरथरला, मी चार लिहून मोकळा. सगळेच असं करायचे, त्यात लाज कसली? मित्राने मात्र वेटोळं दहादा सरकवलं आणि ठळक शून्य लिहिलं. आणि हा शहाणा प्रॅक्टिकलच्या मार्कांवर इंजिनीअरिंगची आशा लावून बसलेला.

बाहेरचे परीक्षक मनमाडचे. कॉलेजने खिलवलेली मिसळ पोटात आणि गाडीची वेळ डोक्यात.

"शून्य?"

"हलतच नाय, सर," मित्र म्हणाला.

ते माझ्याकडे वळले. "तुमचा हलला ना?"

"हो सर. चार घरं."

त्याचे मार्क गेले, इंजिनीअरिंगची जागा थोडक्यात हुकली. मला पैकीच्या पैकी.

पुढे मी याच विषयाचा मास्तर झालो, म्हणजे बघा. एकदा फळ्यावर तीच आकृती काढली आणि हात थांबला. वेटोळं तारेपासून लांब नेलं तर त्यातलं चुंबकीय क्षेत्र कमी होतं, म्हणून करंट येतो. समांतर नेलं तर अंतर तेच, क्षेत्र तेच. मग करंट येणार कुठून? पोथीच चुकीची होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मित्र आता कळवणला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. संध्याकाळी त्याला फोन लावला.

"अरे, तुझं शून्य बरोबर होतं."

"ते मला तवाच माहीत होतं. तुझा गुडघा टेबलाला लागलेला मी ऐकला होता."

"मग सरांना बोलला का नाहीस?"

"त्यांनी तुला विचारलं होतं ना. मला वाटलं, तू सांगशील."