कोहळा मांडीवर घेऊन रत्नागिरी

रत्नागिरीला लोक आंबे खायला येतात, समुद्र बघायला येतात. आम्ही फक्त रस्ता बघायला गेलो होतो. वाडीपासून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंतचा रस्ता. ज्यांच्या घरी मुंबईची लेक पहिल्या बाळंतपणाला येणार आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण मासे कुठे चांगले मिळतात ते मात्र यात फारसं नाही.

माझी ताई डोंबिवलीला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या वाडीवर, हे तिच्या लग्नातच ठरल्यासारखं होतं. आमची वाडी देवरूखच्याही पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याला. दिवाळी झाल्याबरोबर आईने माजघराशेजारची खोली सारवली, बाजेला नवी सुंभाची दोरी भरून घेतली, शेगडी माळ्यावरून खाली काढली. सगळे खूश होते. मीच तेवढा खूश नव्हतो.

मी पाट्या आणि भिंती रंगवतो. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण हात वळणदार आहे आणि शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून कामं मिळतात. आधी पेन्सिलने आखल्याशिवाय मी भिंतीला ब्रश लावत नाही. एकदा रंग बसला की खोडता येत नाही. तेव्हा ताईला आणण्याआधी हा रस्ताही एकदा आखून बघावा, असं माझ्या मनात आलं. घरात सांगितल्यावर आई म्हणाली की मला वेड लागलंय. दिन्या मात्र लगेच तयार झाला. दिन्या खालच्या वाडीतला, माझ्याच वयाचा, माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवतो. डिझेलचे पैसे आणि पालीला जेवण, एवढ्यावर सौदा ठरला.

तिसरं माणूस आत्या. बाबांची मोठी बहीण, बाबा गेल्यापासून आमच्याकडेच राहते. तिची चारही मुलं घरातच झाली, सुईणीच्या हातावर. लेक माहेरी आलीच पाहिजे, हा हट्ट आईपेक्षा तिचाच मोठा. सकाळी जीप खळ्यात आली तर आत्या नवं लुगडं नेसून पायरीवर बसलेली, आणि मांडीवर कोहळा. सांडग्यांसाठी माळ्यावर ठेवलेला, चांगला जाडजूड, राखाडी.

"हा कशाला?" मी विचारलं.

"पोटुशी बाई गाडीत कशी बसते ता तुम्हां दोघा बाप्यांना काय कळणार? रिकाम्या मांडीनं बसून मला पण कळायचं नाय."

दिन्या म्हणाला, आत्या, मागे डिकीत ठेव, पडेल. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गपचूप जीप चालू केली. "पोटातलं पण डिकीत ठेवतात काय रे, मेल्या?"

पहिला थांबा आमचंच आरोग्य उपकेंद्र. वाडीवरून उतरलं की ओढ्यावरचा साकव, साकवापलीकडे उपकेंद्र. इमारत छान आहे, पाण्याची टाकी आहे, दाराला कुलूप आहे. समोरच्या दुकानदाराने सांगितलं की सिस्टर सर्व्हेला गेल्यात. काल कुठे होत्या? मीटिंगला. उद्या? उद्या ऑनलाइन माहिती भरायची, आणि इथे रेंज नाही, म्हणून त्या वरच्या कातळावर जाऊन बसतात. या सिस्टर मी ओळखतो. एकटी बाई, पाच वाड्या, रात्री कोणी हाक मारली तरी येते. तिच्यावर राग काढायची सोय नाही, हेच जास्त चीड आणतं.

त्या कुलूपबंद दाराशेजारच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'बाळंतपण दवाखान्यातच करा'. अक्षरं माझी आहेत. दोन पावसाळे काढूनही रंग टिकलाय. आत्याला वाचता येत नाही, म्हणून तिने विचारलं काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग कर की. किल्ली कुणाकडे हाय?"

पुढच्या वळणावर आमची शाळा लागते. चौथीपर्यंत मी इथेच शिकलो. आता बंद आहे. पट कमी, म्हणून मुलांचं खालच्या गावच्या शाळेत 'समायोजन' केलं. हा शब्दही मीच फळ्यावर रंगवून आलोय. तुम्ही म्हणाल, दवाखान्याच्या प्रवासात शाळेचं काय? सांगतो. शाळा मिटली तशी लहान मुलांची दोन-तीन घरं मुंबईला निघून गेली. ती मुलं मोठी होऊन देवरूखच्या हायस्कूलला जायची होती, ती गेलीच नाहीत. सकाळची एसटी विद्यार्थ्यांच्या पासांवर चालायची. पास कमी झाले तशी एसटी बंद झाली. आणि त्याच एसटीने गरोदर बाया तपासणीला जायच्या. आता दुपारी एक गाडी येते, ती देवरूखला पोहोचते तेव्हा दवाखान्याची बाह्यरुग्ण खिडकी बंद झालेली असते. शाळेचा निर्णय एका खात्याचा, गाडीचा दुसऱ्या खात्याचा, दवाखाना तिसऱ्याचा. कोणीच चुकलेलं नाही. फक्त माझ्या वहिन्या-काकूंनी जीप करून जायचं.

देवरूखपर्यंत रस्ता बरा आहे. पोटासाठी वाईट अशा जागा म्हणजे साकवाची चढण आणि बाजाराआधीचे गतिरोधक. सकाळी निघालात तर देवरूखात चहा आणि गरम वडा घ्या, पुढे पालीपर्यंत धड काही मिळत नाही. आत्याने वडा एका हाताने खाल्ला. दुसरा कोहळ्यावर.

वाटेत एक ग्रामीण रुग्णालय लागतं. कुठलं ते लिहीत नाही. नाव लिहिलं तर वर कोणाला काही होणार नाही, तिथल्या सिस्टरलाच नोटीस जाईल. ही सिस्टर गोरी, थकलेली, पण बोलायला मोकळी. आम्ही पेशंट न घेता आलोय हे समजायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने सगळं दाखवलं. बाळंतपणाची खोली स्वच्छ. बाळाला ऊब द्यायचं यंत्र चालू स्थितीत. शेजारी ऑपरेशन थिएटर, नवं कोरं, दिव्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

"सिझर लागलं तर?" मी विचारलं.

"पुढे पाठवतो."

"पुढे म्हणजे?"

"रत्नागिरी."

"मग हे थिएटर?"

"आहे ना. रोज पुसून घेतो."

भूल देणारे डॉक्टर कायमचे नाहीत, पद रिकामं आहे. दुसरीकडचे एक डॉक्टर मंगळवारी येतात. आत्या हे ऐकत होती. ती सिस्टरला म्हणाली, "बरं तर. मंगळवारीच अड, असं सांगते पोरीला." सिस्टर हसली. मग तिने आत्याच्या मांडीवरच्या ओझ्याकडे बघून विचारलं, आजी, हा कोहळा कोणाला? आत्या म्हणाली, तपासणीला आणलाय, नववा लागलाय. सिस्टर आणखी हसली आणि तिने खरोखर कोहळ्यावर हात ठेवून बघितला. चांगली बाई होती. बाहेर सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली की सरकारी गाडी फुकट मिळते, पण ती आधी इथे आणते, इथून दुसरी गाडी करावी लागते, आणि दुसरी कुठे असेल ते त्या वेळेवर.

साखरप्यावरून आम्ही कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्याला लागलो. हा रस्ता मोठा होतोय, हे सगळ्यांना माहीत आहे. व्हायचा कधी संपणार, ते कोणाला माहीत नाही. थोडं काँक्रीट, लोण्यासारखं. मग फळी, बाण, आणि गाडी खाली मातीत. पुन्हा वर. पुन्हा खाली. दिन्या चांगला गाडी चालवतो, तरी प्रत्येक वेळी मी मागे वळून बघत होतो. आत्या पाय समोरच्या सीटला रेटून, दोन्ही हातांनी कोहळा पोटाशी धरून बसली होती. 

पालीच्या थोडं अलीकडे काँक्रीट संपतं तिथे माती खचली होती. पायरीएवढा खड्डा. समोरून ट्रक, त्यामुळे दिन्याला थांबता आलं नाही. जीप धाडकन खाली गेली. आत्याच्या हातातून कोहळा उडाला, पुढच्या सीटच्या लोखंडी पायावर आपटला आणि उभा चिरला.

दिन्याने गाडी कडेला घेतली. पाणी, गर, बिया, सगळं आत्याच्या पायाशी. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, कोहळा फुटला म्हणजे पीडा टळली, नव्या घराला आपण फोडतोच की. एरवी हे ती म्हणाली असती.  खाली वाकून तिने एकेक तुकडा उचलून पदरात घेतला. खूप वेळ लावला तिने. मग म्हणाली, "दोन्ही हातांनी धरला होता रे मी."

पालीला आम्ही जेवलो. बांगडा ताजा होता, सोलकढी पातळ होती, ताट परवडणारं होतं. लिहायला हवं म्हणून लिहितोय. चव मला आठवत नाही.

रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात दुपारी पोहोचलो. इथे डॉक्टर आहेत, भूल देणारेही आहेत, आणि म्हणून अख्खा जिल्हा आहे. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या ओट्यावर बायका डबे आणि चादरी घेऊन बसल्या होत्या. मी चौकशीच्या रांगेत उभा राहिलो. आत्या एका बाईशेजारी टेकली. बाई आमच्याच बाजूची, डोंगरातली, सुनेला घेऊन आलेली. मी परत आलो तेव्हा ती सांगत होती. सून पुण्याहून बाळंतपणाला आली, माहेरी कोणी नाही म्हणून सासूनेच करायचं ठरवलं. सकाळी कळा लागल्या. एका ठिकाणी बघितलं, पुढे पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी बघितलं, पुढे पाठवलं. तीन गाड्या झाल्या. मूल वाचलं, काचेत आहे. सुनेला रक्त चढवतायत.

"तुमची कधी आणलीत?" तिने आत्याला विचारलं.

"आमची अजून आणायची हाय. मुंबईला असते."

ती बाई आत्याकडे बघतच राहिली. "मुंबईला असते? मग कशाला आणताय गो?"

आत्याने पदरातले तुकडे पोटाशी ओढून घेतले. 

निघताना दिन्याने भाट्याच्या किनाऱ्याला गाडी घेतली, म्हणाला, एवढं आलोय तर म्हातारीला समुद्र तरी दाखवू. वाळू स्वच्छ आहे, झाडांची सावली आहे, गाडी लावायला जागा आहे. आत्याने समुद्राकडे एकदा बघितलं आणि विचारलं, मुंबईला ताईच्या घरापासून दवाखाना किती लांब. मी म्हटलं, रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं. तिने पुन्हा विचारलं, "गाडी बदलावी लागते?" नाही, म्हटलं. "चल मग घरी."

घरी दिवेलागण झाली होती. आई दारात. आत्याने पदरातले तुकडे सुपात ठेवले आणि सरळ सांगितलं, "शालन, पोरीला आणायची नाय. आपणच जाऊ."

आई चकित झाली. म्हणाली, "वन्सं, तुम्हीच म्हणत होतात ना, लोक काय म्हणतील. खोली सारवली, बाज विणली."

"बाज हितंच राहू दे. लाडू बांधून घे."

आई त्या रात्री जेवली नाही. खोलीची माती हाताने चेपत बसली होती. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या दारात होऊ नये, हे तिने काही मनापासून कबूल केलं नाही, आणि तिचं काही चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण लाडू बांधले. संगमेश्वर स्टेशनवर मी दोघींना गाडीत बसवायला गेलो, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या बाईने विचारलं कुठे निघालात. आई म्हणाली, लेकीच्या बाळंतपणाला. बाई म्हणाली, अगंबाई, माहेरच निघालं की मग. आईने मान दुसरीकडे वळवली.

ताईला मुलगी झाली. आयत्या वेळी सिझर करावं लागलं. बाळ आडवं आलं होतं. वार शुक्रवार होता.

आता जे राहिलं ते. भाचीची नोंद डोंबिवलीला झाली. आमच्या उपकेंद्राच्या वहीत या वर्षी बाळंतपणाच्या खान्यात काही नाही. उद्या कोणी वरून बघितलं तर म्हणेल, इथे बाळंतपणं होतच नाहीत, मग सिस्टर कशाला, आणि आकड्याने ते खरंच असेल. शाळेचंही असंच झालं. आधी मुलं नाहीशी होतील अशी व्यवस्था, मग मुलं नाहीत म्हणून कुलूप. या वेळी तो आकडा शून्य ठेवायला आम्हीही हात लावला, आणि पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन. या प्रवासाचा सगळ्यात जास्त संताप मला याचा येतो.

फेब्रुवारीत ग्रामपंचायतीने मला उपकेंद्राची भिंत पुन्हा रंगवायला बोलावलं. ओळ तीच. मी आधी पेन्सिलने आखली, मग निळ्या रंगात लिहिली, 'बाळंतपण दवाखान्यातच करा'. खाली वीतभर जागा उरत होती. तिथे मी लाल रंगात एक बाण काढला, देवरूखच्या दिशेने, आणि बाणापुढे लिहिलं, 'रत्नागिरी, ७२ कि.मी.'

ग्रामपंचायतीचा शिपाई सायकलवरून चालला होता, तो थांबला. हे कोणी लिहायला सांगितलं, म्हणाला. मी म्हटलं, आत्याने. त्याने ते दोनदा वाचलं, चूक शोधली, सापडली नाही. मग निघून गेला. अजून तरी कोणी पुसलेलं नाही.