पाण्याची हाक

आज तापलेली धाव चाकावर बसली, करपत्या लाकडाचा वास आला आणि मी मनानं थेट देऊळघाटला, आत्याच्या भट्टीवर जाऊन पोचले. तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नवऱ्यामागं आत्यानंच लोहारकी चालवली, आणि मला भात्यापासून शिकवली.

धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी पट्टी. ती लालभडक असताना चाकावर ठोकायची आणि नेमक्या वेळी पाणी ओतायचं. घाई केली तर ती वाकडी आवळते, उशीर झाला तर चाक जळतं. म्हणून "पाणी!" ही हाक फक्त आत्या द्यायची.

त्या दिवशी धूर उठला, बाया घागरी घेऊन तयार होत्या, पण आत्या गप्पच. तिचा गाल पानानं फुगलेला. गाडीवाले नारायणकाका ओरडले, "अवं, बोल ना वं! माहं चाक जळून राह्यलं!" आत्यानं नुसतं माझ्याकडं बोट केलं.

"पाणी!" मी किंचाळले.

वाफेचा लोट उठला, लाकूड करकरलं आणि धाव घट्ट बसली. चाक ठोकून बघत काका हसले, "पोरीचा आवाज हाय का भोंगा!"

आत्या एरवी पान खातच नाही, हे माझ्या ध्यानात आलं फार पुढं.

आज माझ्या भट्टीवर शिकाऊ सुमन घाबरून माझ्याकडं बघत होती. पान मलाही आवडत नाही, तरी सकाळीच मागवून ठेवलं होतं. भरल्या गालानं मी तिच्याकडं बोट केलं.