आत्याचा दुसरा कप

आमच्या आत्याला सगळे 'चौकशी खातं' म्हणतात. समुद्रकाठच्या एका शेडमध्ये ती कामाला आहे. तिथे समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या हातभर लांब पट्ट्या दोऱ्यांवर वाळत घालतात. दुसरी एखादी बाई वाळवून, पोत्यात भरून निमूट घरी गेली असती. आत्याला मात्र हे कोण खातं, का खातं, सगळं हवं असतं. शेड तपासायला आलेल्या बाईंना तिने भंडावून सोडलं. शेवाळात चोथा भरपूर, लोह आणि कॅल्शियम असतं, आयोडीन तर विचारूच नका, आणि गटाराच्या तोंडाजवळचं मात्र शिवायचंसुद्धा नाही, ते पाण्यातलं शिसंही शोषून घेतं, एवढं त्यांच्याकडून काढून घेतल्यावरच त्यांची सुटका झाली.

तेव्हापासून तिच्या घरी रोज थोडं शेवाळ शिजायला लागलं. शेडमधल्या बायका आधी ते चांगलं उकळतात, पाणी फेकून देतात आणि मग कांद्यावर परततात. पाणी का फेकायचं, ते कुणालाच सांगता येईना, आणि कारण कळल्याशिवाय आत्या काही फेकणाऱ्यातली नाही. सगळं सत्त्व त्यातच उतरत असणार असं तिने ठरवलं आणि ते गढूळ, खारट पाणी कपात ओतून पिऊ लागली. मी एकदाच चाखलं आणि मोरीत जाऊन थुंकले.

आत्याच्या सुनेला दिवस गेले तेव्हा दुसरा कप आला. सून म्हणजे गरीब गाय. आत्या सकाळी कप तिच्या हातात देऊन कामाला जायची, संध्याकाळी कप धुतलेला असायचा. आत्या खूश. घोर एकच होता, खिडकीतला गुलाब वाळत चालला होता. तिने माती बदलली, कुंडीची जागा बदलली, पानं उलटी करून कीड शोधली.

मग आत्याचंच बिनसलं. छातीत धडधड, हातांना कंप, खाऊनपिऊन अंग उतरलेलं. मी तिला दवाखान्यात नेलं; रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, थायरॉइड बिघडलंय. घरात सगळेच शेवाळ खातात, मग मलाच का, असं आत्याने विचारलं. कपाची गोष्ट ऐकल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आयोडीन थोडं लागतंच, पण अती झालं की थायरॉइड बिथरतं, आणि उकळल्यावर बरंचसं आयोडीन त्या पाण्यात उतरतं. बायका पाणी का फेकतात ते आत्याला तिथे कळलं.

पुढचा प्रश्न तिने अगदी हळू विचारला. पोटुशी बाईने प्यायलं तर? बाळाच्या थायरॉइडलाही त्रास होऊ शकतो, डॉक्टर म्हणाले, सुनेला घेऊन या.

परतताना आत्या माझ्या पुढे जवळजवळ धावतच सुटली. घरी पोचल्यावर चप्पलही न काढता ती स्वयंपाकघरात शिरली. सून स्टुलावर बसून भाजी निवडत होती. आत्याने तिचे दोन्ही हात धरले.

"खरं सांग, ते पाणी किती प्यायलीस?"

सून रडवेली झाली. "आई, रागावू नका. एक घोटही नाही. वासच सहन होत नव्हता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुंडीत ओतत होते."

आत्या स्टुलापाशी खाली बसली. सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून ती मनसोक्त रडली. मग पदराने डोळे पुसून तिने खिडकीतल्या वाळक्या काटक्यांकडे पाहिलं.

"गुलाबाला काय झालं होतं," ती म्हणाली, "ते कळलं एकदाचं."